विझलेला दिवा आणि खाली राहिलेलं पॅडल

१

ग्वारीघाटाच्या चढावर ट्रक मागे सरकला, तेव्हा त्याचं इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं. एवढी एक गोष्ट सगळ्यांनी सारखी सांगितली. बाकी ज्यानं त्यानं आपापली.

दत्तजयंतीचा सप्ताह चालू होता. पादुकांना नर्मदेचं स्नान घालून मंडळी राइट टाउनातल्या देवळाकडे परत निघाली होती. ट्रकच्या हौद्यात फुलांनी सजवलेली पालखी, पालखीपुढे लाल चौरंगावर अखंड दिवा आणि दिव्याशी पुष्पावहिनी. चढाच्या मध्यावर आरतीसाठी गाडी थांबली. आरती झाली, टाळ शांत झाले, ड्रायव्हर रामकृष्ण काळबांडेनं गाडी सुरू केली. इंजिन गर्जलं आणि गाडी मागे आली. चार-पाच हातच आली असेल. ब्रेक लागले, पण तोवर रस्त्यावर मागे उभी असलेली बांबूची कमान कोसळली होती. तिच्याखाली पेटी वाजवणाऱ्या लतिकाचं मनगट मोडलं. पालखी कलंडली. अखंड दिवा विझला.

मनगट जुळून येतं हो. पण सप्ताहात लावलेला दिवा विझला की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. कोणाचं पाप आडवं आलं?

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं, असं सगळ्यांना वाटलं. सप्ताहाचे यजमान यशोधन भुसारी, ट्रकही त्यांचाच. सप्ताहभर सकाळी उठल्यापासून दुपारच्या आरतीपर्यंत ते मौन पाळत. आरती संपली, मौन सुटलं आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे :

"रामकृष्ण, तू पिऊन होता."



"मालक, काहून असं बोलून राहिले?" रामकृष्ण पुढे झाला. "पहिला गियर होता. क्लचच्या पॅडलवरचा पाय काढला, पण पॅडल वर आलंच नाही. खालीच राह्यलं."

"रिव्हर्स टाकला अन् ॲक्सिलेटर दाबला, दुसरं काय! इंजिनचा आवाज साऱ्यांनी ऐकला. अन् विक्कीनं आज सकाळी गाडी तपासली. काय रे विक्की?"

ओमतीच्या गॅरेजातला विक्की पुढे आला. मराठी त्याला कळे सगळी, पण जिभेवर हिंदी आधी येई. "पॅडल तो एकदम मक्खन है, भैया. दस बार दाबलं, दस बार वर आलं."

"ऐकलं? संध्याकाळचं कीर्तन झालं की मी ठाण्यात जाऊन राहिलो. अन् ती माळ काढ गळ्यातून. देवाच्या गाडीत दारू पिणाऱ्याच्या गळ्यात तुळस नाही शोभत."

रामकृष्णनं दारू सोडली त्याच दिवशी ती माळ घातली होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यानं माळ काढली, कपाळाला लावली आणि पादुकांपुढे ठेवली.

तेव्हा मंडपाच्या खांबाशी बसलेल्या विनताताई देशकर उठल्या. सप्ताहाची कीर्तनं त्यांची होती.

"यशोधनराव, ठाण्यात खुशाल जा. पण खरं काय ते कळेपर्यंत आज मी कीर्तनाला उभी राहणार नाही."

२

विनताताईंनी नोकरीची सगळी वर्षं सरकारी तंत्रशाळेत मोटार विभागात शिकवण्यात घालवली होती. कीर्तन वडिलांकडून आलं, इंजिन पगारासाठी आलं, आणि दोन्हीवर जीव सारखाच. त्यांच्या कीर्तनाला खमरियाहून फॅक्टरीतली माणसं बस करून यायची.

त्यांनी पदर खोचला आणि मोर्चा ट्रककडे वळवला.

"विक्की, पॅडल दाबलं की काय होतं, सांग."

"दीदी, आप तो मास्टर हैं, मैं क्या बताऊँ."

"सांग रे. या मंडळींनाही कळू दे."

विक्कीनं डोकं खाजवलं. "पॅडल वरच्या सिलिंडरातलं तेल ढकलतं. तेल पाइपातून खालच्या सिलिंडरात जातं. तो फोर्कला धक्का देतो, क्लच सुटतो. मग इंजिन वेगळं, चाकं वेगळी."

"आणि पाय काढला की?"

"तेल वापस. क्लच बसला, गाडी चली."

"बरोबर. आता ऐका." विनताताईंचा हात सवयीनं झांजेसाठी वर गेला आणि रिकामाच थांबला. "आधी पूर्वरंग. तेल गळत असतं किंवा पाइपात हवा शिरली असती, तर पॅडल भसकन खाली गेलं असतं, पण क्लच सुटलाच नसता. गियर पडताना करकरला असता. चढावर आवाज कसला झाला?"

"गियर गुपचूप पडला," रामकृष्ण म्हणाला. "इंजिन नुसतंच गरगर फिरे. गाडीले जोरच नाही."

"म्हणजे क्लच सुटला होता आणि सुटलेलाच राहिला. तेल गेलं, परत आलं नाही. रामकृष्ण सांगतो त्यात खोट नाही."

"सांगायला काय जातं?" यशोधन म्हणाले. "मग सकाळी पॅडल कसं वर आलं? रात्रीतून देवानं दुरुस्त केलं?"

हा प्रश्न रास्त होता. विनताताईंनी ट्रकच्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत क्लचच्या तेलाची, म्हणजे ब्रेक ऑइलचीच, मुठीएवढी टाकी होती. तिचं झाकण त्यांनी फिरवून काढलं आणि पुन्हा लावू गेल्या. ते बसेना.

झाकणाच्या आतलं रबर पुरीसारखं फुगलं होतं.

"विक्की," त्या हळूच म्हणाल्या, "हे झाकण तू उघडलं होतंस?"

विक्कीचा चेहरा उतरला.

३

"माँ कसम दीदी, आज नाही उघडलं! पॅडल ठीक होतं, तर काहून उघडू?"

"आणि सप्ताहाच्या आधी?"

"तब देखा था. रबरांची किट नवीन टाकली, हवा काढली. रबर अच्छा खासा होता. तेल थोडं कमी होतं, माझ्याजवळचं खतम. सेठले सांगतलं, ऊपर से थोडा डाल देना."

"मग कोणी टाकलं?"

विक्कीनं खांदे उडवले. रामकृष्ण म्हणाला, "ताई, मी नाही टाकलं. माझी ब्रेक ऑइलची बाटली औजारांच्या पेटीत राहाते, कुलपात. चावी माझ्या करगोट्याले. घाटावर जायच्या दिवशीच काढून सीटमागच्या कप्प्यात ठेवली, रस्त्यात लागली तर असावी म्हणून."

"अच्छा, म्हणजे बाटली याची, कुलूप याचं, चावी याच्या कमरेले!" यशोधन म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

विनताताई पुष्पावहिनींकडे गेल्या. वहिनी देवघराच्या पायरीवर विझलेला दिवा मांडीशी घेऊन बसल्या होत्या. यशोधनच्या थोरल्या भावाची ही विधवा. सप्ताहात रोज सकाळी पोथीचं पारायण त्या करत आणि दिवाही त्याच राखत. रडून रडून डोळे लाल झाले होते.

"वहिनी, दिवा धक्क्यानं विझला न?"

"सारे तसंच म्हणते. पण नाही, विनता." वहिनींनी आवाज खाली आणला. "दिवा आरतीतच विझला. गाडी हलायच्या आधी. घाटावरून निघाल्यापासून तडतडत होता. दोनदा तेल घातलं, तरी वात काळीच. मी कोणाले बोलली नाही. वाटलं, माझंच काही चुकलं असन."

"तेल कशातून घातलं?"

"गाडीत धक्के बसते न, म्हणून पळीनं नाही घालत. ही बाटली." त्यांनी पांढरी प्लॅस्टिकची बाटली दाखवली. तोंड निमुळतं, अंगावर ब्रेक ऑइलचं अर्धवट फाटलेलं लेबल. "रामकृष्णनंच रिकामी धुऊन दिलती मागच्या साली. थेंब थेंब पडते, सांडत नाही. देवाचं तेल भरते मी तिच्यात."

"सकाळी पोथीवर बसलं की कोणाशी बोलता तुम्ही?"

"काय बोलती बाई! आसन सोडायचं नाही, तोंडातून दुसरा शब्द नाही. घराले आग लागली तरी डोळ्यानंच सांगायचं."

विनताताईंनी चौरंग उन्हात ओढला. दिवा ठेवायच्या जागेभोवती लाल रंगाला फोड आले होते. बोट लावताच रंगाची साल निघाली. खाली लाकूड उघडं पडलं.

"हे पाहून तर मी रात्रभर झोपली नाही," वहिनी म्हणाल्या. "देवाच्या चौरंगाचा रंग उठला, विनता. कोणत्या पापानं उठला असन?"

"पापानं रंग उठत नाही, वहिनी," विनताताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "ही बाटली आणि दिवा कोणाला हात लावू देऊ नका. अगदी भावजींनाही नाही."

४

"आता गाडी तापवायची," विनताताईंनी जाहीर केलं.

चाकांना पुढून मागून दगड लावले. विक्की स्टिअरिंगवर बसू लागला, तशा त्या म्हणाल्या, "तू नको. यशोधनराव, तुम्ही बसा. मौनात नाही न आता? मग पायाला जे कळेल ते तोंडानं सांगा."

"मी?"

"ठाण्यात तुम्हीच सांगणार आहात न?"

मंडळी हसली. यशोधन चिडून चढले. गियर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. दाबा, सोडा. दाबा, सोडा. पॅडल प्रत्येक वेळी वर येई. मार्गशीर्षाचं ऊन अंगणातून सरकत पारावर गेलं. मंडळी कंटाळली, चहा फिरला. यशोधनचा पाय भरून आला.

"ताई, कीर्तन करा, कीर्तन. हे काही होऊन नाही राहिलं."

"दाबा."

"अहो, मक्खन आहे!"

"लोणी थंडीत घट्टच असतं, यशोधनराव. तापू द्या. दाबा."

इंजिनची ऊब केबिनमध्ये पसरली. बॉनेटवर हात ठेववेना. विक्कीही आता हसत नव्हता, चाकाशी उकिडवा बसून खाली पाहत होता. विनताताईंनी घाम पुसला नाही की बसायला खुर्ची घेतली नाही. "दाबा," एवढाच शब्द, पालुपदासारखा.

आणि मग यशोधन वाकून खाली पाहू लागले.

त्यांनी पाय उचलला होता. पॅडल खालीच होतं.

त्यांनी बुटाच्या टोकानं ते वर ओढलं. सोडताच पुन्हा खाली. चढावर एका माणसाच्या पायाखाली काय झालं असेल, ते त्यांच्या पायाला कळलं होतं.

"विक्की, निप्पल उघड!" विनताताई ओरडल्या.

विक्की पाना घेऊन खाली सरकला. खालच्या सिलिंडरावरची हवा काढायची निप्पल अर्धा आटा सैल केली, तशी तेलाची चिळकांडी उडाली आणि फोर्क खटकन मागे बसला.

"फँसा था!" खालून विक्कीचा आवाज आला. "तेल अटकलं होतं, दीदी! फोर्क ठीक, प्लेट ठीक. तेलच वापस नाही जात!"

"वरच्या सिलिंडरात तेल परत जायला सुईएवढं भोक असतं," विनताताई म्हणाल्या. "आतलं रबर फुगलं की ते भोक बुजतं. थंडीत थोडी फट राहते, गरम झालं की तीही मिटते. म्हणून सकाळी मक्खन आणि चढावर दगड. रबर फुगतं एकाच कारणानं. टाकीत ब्रेक ऑइलच्या जागी दुसरंच तेल गेलं की."

रामकृष्णनं डोळे मिटून हात जोडले. पण विक्की खालून बाहेर आला आणि सीटमागच्या कप्प्यात हात घालून त्यानं एक पांढरी बाटली काढली. ब्रेक ऑइलचं लेबल असलेली. थोडं बोटावर घेऊन त्यानं चोळलं, हुंगलं.

"दीदी," तो चाचरत म्हणाला, "ये ब्रेक ऑइल नहीं है. चिकट आहे. तेल आहे, तेल."

रामकृष्णच्या गाडीत, रामकृष्णच्या कप्प्यात. सगळ्या नजरा पुन्हा त्याच्याकडे वळल्या.

५

"मी नाही," रामकृष्ण एवढंच म्हणाला. "माउली, मी नाही."

"मले माहीत आहे," विनताताई म्हणाल्या. देवळात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून घरची बोली आली होती. "चला सगळे मंडपात. आता उत्तररंग."

पादुकांपुढे त्यांनी दोन ताम्हणं मांडली. दोन्हींत नर्मदेचं पाणी. अंगणात माणसं दाटली. खमरियाची बसही येऊन पोचली होती. त्यातल्यांना वाटलं, कीर्तन सुरू झालं. एकानं टाळ काढलेसुद्धा.

"ही गाडीतली बाटली." त्यांनी पहिल्या ताम्हणात धार सोडली. पाण्यावर सोनेरी डोळे तरंगू लागले. "तेल. पाण्यात मिसळत नाही. आता हा अखंड दिवा. वात विझल्यावर तळाशी जे उरलं ते."

दुसऱ्या ताम्हणात त्यांनी दिवा कलता केला. सगळे वाकले. धार पाण्यात शिरली आणि विरघळून गेली. पाण्यावर एकही डोळा नाही.

"हे तेलच नाही," पुष्पावहिनी उद्गारल्या. "मग मी देवापुढे काय जाळलं?"

"ब्रेक ऑइल, वहिनी. नावाचंच ऑइल ते. पाण्यात मिसळतं, तेलापेक्षा जड, म्हणून दिव्याच्या तळाशी बसलं. वरचं तेल जळून गेलं, वात त्याच्यापर्यंत पोचली आणि तडतडून विझली. आणि रंगावर पडलं की ते रंग उचलतं. गाडी रंगवणाऱ्या कोणालाही विचारा. तुमचं काही चुकलं नाही. पापही नाही, कोपही नाही. दिवा आणि गाडी एकाच कारणानं बिघडली. दोन सारख्या बाटल्यांची अदलाबदल झाली."

विक्कीनं कपाळावर हात मारला. "अरे बाप रे."

"दिव्याचं तेल गाडीच्या टाकीत, गाडीचं दिव्यात. आता शेवटचा प्रश्न. कोणती बाटली कोणाची?" विनताताईंनी गाडीतली बाटली उलटी केली. बुडाला कुंकवाचा बोटभर डाग होता. "गाडीच्या पूजेत कोणी बाटलीच्या बुडाला कुंकू लावत नाही. ही देवघरातल्या कुंकवाच्या ताटाशेजारी उभी असायची. ही तुमची, वहिनी."

"हो, माझीच! सप्ताहाच्या पहिल्या सकाळी घाटासाठी भरून दिव्याशी ठेवलती. मग…" पुष्पावहिनी थांबल्या. आठवण चेहऱ्यावर उमटत गेली. "मग मी पोथीवर बसलती. कोणीतरी आलं. बाटलीकडे बोट केलं, ओतायची खूण केली, बाहेर गाडीकडे बोट केलं. मले वाटलं, घाटावरच्या दिव्याची तयारी करून राहिले, तेल गाडीत नेऊन ठेवते. मी मान हलवली."

"कोण आलं होतं, वहिनी? बोलले का ते?"

"कसे बोलणार?" वहिनींनी मान वर केली. "त्यांचं तर मौन…"



यशोधन भुसारी खांबाला धरून उभे होते. त्या सकाळी खमरियाहून सतरंज्या आणायला गाडी त्यांनीच नेली होती. टाकीत तेल कमी दिसलं. विक्कीनं वरून टाकायला सांगितलं होतं. रामकृष्णची पेटी कुलपात. दिव्याशी बाटली दिसली, तिच्यावर लेबल ब्रेक ऑइलचं. एका शब्दानं विचारलं असतं तर वहिनींनी सांगितलं असतं. पण एकाचं मौन आणि एकीचं पारायण. दोघांनी देवाचा नियम पाळला, खुणेनं बोलले आणि दोघांना दोन निरनिराळ्या गोष्टी समजल्या.

"टाकीत मीच टाकलं. लेबल ब्रेक ऑइलचं होतं, म्हणून चूक वाटलीच नाही, अन् ताईंनी विचारलं तेव्हा बोललो नाही. उरलेली बाटलीही मीच कप्प्यात ठेवली," यशोधन म्हणाले. "अन् घाटावर वहिनीनं दिव्याची बाटली मागतली, तर कप्प्यात हात घालून दिलीही मीच. तिथं दोन होत्या. मी पाह्यलंही नाही." त्यांनी रामकृष्णकडे पाहिलं. "मौन सुटल्यावर तरी पहिला शब्द विचारायचा होता. मी आळ घेतला."

ते पादुकांपुढे गेले, माळ उचलली आणि रामकृष्णसमोर दोन्ही हातांवर धरून उभे राहिले. रामकृष्णनं मान पुढे केली. यशोधनच्या बोटांतून माळ दोनदा निसटली, तिसऱ्यांदा गळ्यात गेली.

मग यशोधननं खिशातून ट्रकची किल्ली काढून पुढे केली.

"ते नाही," रामकृष्ण म्हणाला. "आत्ता नाही, मालक. वरचं रबर, खालचं रबर, झाकणाचं रबर, सारं नवीन टाकायचं. पाइप धुवायचा. टाकीत एक थेंब जुनं नाही राहिलं पाहिजे. तोवर या गाडीत मी देव नाही बसवणार."

"रातभर में कर दूँगा, काका," विक्की म्हणाला. "और इस बार सबसे पहले झाकण उघडून पाहीन."

विनताताईंनी पदर सोडला, हात धुतले, उपरणं खांद्यावर घेतलं. पुष्पावहिनींनी दिवा राखेनं घासला आणि पळीनं तेल घातलं. वात धरली. त्या रात्री लतिकाच्या जागी पेटी कोणी वाजवली आणि कशी वाजवली, ते विचारू नका. कीर्तन मात्र असं रंगलं की बसवाला दारात येऊन हॉर्न वाजवायचा विसरला.

६

अर्धवट राहिलेली फेरी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली. नर्मदेत पादुका बुडवल्या, पालखी हौद्यात ठेवली. पुष्पावहिनींच्या बाटलीला आता गळ्यापासून बुडापर्यंत लाल कापड शिवलेलं होतं. हाताला प्लॅस्टर घातलेली लतिका विक्कीशेजारी उभी होती.

चढाच्या मध्यावर, त्याच जागी, गाडी आरतीसाठी थांबली.

सकाळची वेळ, यशोधनचं मौन चालू होतं. आरती झाल्यावर मंडळी बाजूला सरकली. ट्रकच्या मागे कोणी उभं राहिना. राहणार तरी कोण? तेवढ्यात यशोधन चपला काढून गाडीच्या मागे आले. चढाच्या खालच्या बाजूला, मागच्या फळीच्या कडेशी. त्यांनी तळहात फळीवर ठेवला आणि मान वर करून ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात पाहिलं.

आरशात रामकृष्णचे डोळे होते. त्यानं मालक कुठं उभे आहेत ते पाहिलं आणि गळ्यातल्या माळेला हात लावला. पहिला गियर पडला.

पॅडल त्याच्या पायाबरोबर वर आलं. गाडी एक बोटभरही मागे न येता चढू लागली. दिवा तडतडला नाही. यशोधन फळीवर हात ठेवून, अनवाणी, चढ संपेपर्यंत मागे मागे चालत राहिले.